तांदांग सोरा : चौऱ्याऐंशीव्या वर्षी क्रांतीची आई झालेली परिचारिका



तुमच्या ओळखीतलं कुणी दुबईला, कतारला किंवा सौदीला नोकरीला असेल, तर त्यांच्याकडून तिथल्या दवाखान्यातल्या फिलिपिनो नर्सचा उल्लेख तुम्ही नक्की ऐकला असेल. आज जगभरातल्या रुग्णालयांत फिलिपिन्स देशाच्या परिचारिका काम करतात. त्या देशात परिचारिकांना शिकवणारं पहिलं विद्यालय १९०६ साली इलोइलो शहरात सुरू झालं. पण त्याच्या दहा वर्षं आधी, कुठलंही प्रशिक्षण न घेतलेली, शाळेची पायरीही न चढलेली एक आजी आपल्या घरात जखमी माणसांची सेवा करत होती. तेव्हा तिचं वय होतं ८४ वर्षं. या सेवेसाठी तिला अटक झाली, चौकशी झाली आणि देशाबाहेर एका बेटावर हद्दपार करण्यात आलं.

तिचं नाव मेलचोरा अकिनो. फिलिपिन्समधली मुलं मात्र तिला तांदांग सोरा या नावानेच ओळखतात. तिथल्या तागालोग भाषेत वयस्कर माणसाच्या नावाआधी आदराने तांदांग हा शब्द लावतात. सोरा हे मेलचोराचं लाडकं, छोटं रूप. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर सोराआजी!

आज या सोराआजीची गोष्ट तुमच्यासमोर मांडतोय. वाचताना एक प्रश्न मनात ठेवा. आपण मुलांना शूर माणसांच्या गोष्टी सांगतो, तेव्हा त्या गोष्टीत स्वयंपाक करणारे, जखमा धुणारे, पाठीशी घालणारे हात कुठे असतात?

बालपण आणि गाव

मेलचोराचा जन्म ६ जानेवारी १८१२ रोजी बानलात या खेड्यात झाला. हे खेडं तेव्हा कालोओकान गावाच्या हद्दीत होतं, मनिला शहराच्या उत्तरेला. आज तो भाग केझोन सिटी या मोठ्या शहरात आलाय, पण त्या काळी तिथे भातशेती, गवताळ माळ आणि झाडी होती. वडील हुआन आणि आई वालेंतिना, दोघंही शेतकरी. ६ जानेवारी हा ख्रिस्ती परंपरेत तीन राजांचा सण असतो. बाळ येशूला भेटायला आलेल्या या तीन राजांपैकी एकाचं नाव मेल्किओर. मेलचोरा हे त्याच नावाचं स्त्रीरूप.

त्या वेळी फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य होतं. १५६५ पासून सुरू झालेली ही सत्ता मेलचोराच्या जन्मावेळी जवळजवळ अडीचशे वर्षांची झाली होती. गावावर दोघांचा वचक असायचा, चर्चच्या स्पॅनिश धर्मगुरूचा आणि कर गोळा करणाऱ्या यंत्रणेचा. शेतकऱ्याच्या मुलीला शाळेत घालायची पद्धत नव्हती. मेलचोरा कधी शाळेत गेली नाही, तरी लहानपणीच तिला लिहा-वाचायला येऊ लागलं होतं.

तिचा गळा फार गोड होता. चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी आणि गावच्या कार्यक्रमांत ती गायची. मे महिन्यात तिथे सांताक्रूझान नावाची मिरवणूक निघते. हेलेना राणीने येशूचा क्रूस शोधून काढला, त्या घटनेची आठवण म्हणून ही मिरवणूक असते आणि त्यात राणीची भूमिका गावातल्या एखाद्या देखण्या, गुणी मुलीला मिळते. ही भूमिका मेलचोराच्या वाट्याला आली होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण चित्रांत आणि पुतळ्यांत आपल्याला नेहमी सुरकुतलेल्या चेहऱ्याची आजीच दिसते. मुलांना वाटतं, ही बाई जन्मतःच म्हातारी होती की काय! तसं नव्हतं. तिला तिचं बालपण होतं, तारुण्य होतं, आवाज होता, हौस होती.

संसार आणि एकटेपण

पुढे तिचं लग्न फुलहेन्सिओ रामोस यांच्याशी झालं. ते काबेसा दे बारांगाय होते. बारांगाय म्हणजे साधारण पन्नासेक कुटुंबांची वस्ती आणि काबेसा म्हणजे तिचा प्रमुख. नाव मोठं, पण काम अवघड. वस्तीतल्या लोकांकडून सरकारी कर गोळा करायची जबाबदारी त्याच्यावर असायची. वसुली कमी पडली तर तूट त्याच्याच माथी. म्हणजे वरून सरकारचा दट्ट्या आणि खालून गरीब शेजाऱ्यांच्या विनवण्या. अशा घरात राहून मेलचोराने कराचा बोजा काय असतो ते अगदी जवळून पाहिलं असणार, हे आपण समजू शकतो.

त्यांना सहा मुलं झाली. सगळ्यात धाकटं लेकरू सात वर्षांचं असताना फुलहेन्सिओ वारले. मेलचोराने दुसरं लग्न केलं नाही. शेती सांभाळली, मुलांना वाढवलं, त्यांना शिकवण्यासाठी कष्ट उपसले. तरीही ती घरात कोंडून बसली नाही. गावात तिला मान होता. चर्चच्या सणाचा खर्च आणि व्यवस्था अंगावर घेणाऱ्या बाईला तिथे एर्माना मायोर म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. मेलचोराने हे काम आनंदाने केलं. कुणाच्या बाळाचं बारसं, कुणाचं लग्न, गावची जत्रा, अशा सगळ्या प्रसंगी ती पुढे असायची.

वाचकहो, इथे थोडं थांबून विचार करा. पुढे जे घडलं त्याची तयारी याच काळात झाली. पन्नास-शंभर माणसांचा स्वयंपाक कसा उरकायचा, धान्य किती लागेल, कोण काय करेल, कुणावर भरवसा ठेवायचा, हे तिला आयुष्यभराच्या सवयीने ठाऊक झालं होतं. गावातल्या प्रत्येक घराला ती ओळखत होती आणि प्रत्येक घर तिला ओळखत होतं. म्हातारपणी ती एक छोटं दुकानही चालवायची. तिथे अशा दुकानाला सारी-सारी म्हणतात. सारी-सारी म्हणजे नाना तऱ्हेचं. आपल्याकडच्या गल्लीतल्या किराणा दुकानासारखं, जिथे मीठही मिळतं आणि सुतळीही!

कातिपुनान

आता थोडं मनिला शहराकडे वळू. १८९२ सालच्या जुलै महिन्यात डॉ. होसे रिझाल या लेखकाला स्पॅनिश सरकारने अटक करून दूरच्या बेटावर पाठवलं. रिझाल सुधारणा मागत होते, त्या मागण्यासुद्धा सरकारला सोसल्या नाहीत. तेव्हा ७ जुलै १८९२ रोजी आंद्रेस बोनिफासिओ आणि त्यांच्या काही साथीदारांनी मनिलाच्या तोंदो भागात एक गुप्त संघटना स्थापन केली. तिचं नाव कातिपुनान. आता अर्ज-विनंत्या नकोत, पूर्ण स्वातंत्र्य हवं, असं या संघटनेने ठरवलं होतं. सभासद शपथ घेताना स्वतःच्या रक्ताने सही करायचे. कामगार, कारकून, शेतकरी असे साधे लोक त्यात होते. मेलचोराचा मुलगा हुआन रामोस हाही कातिपुनानचा सभासद होता.

चार वर्षं हे गुपित टिकलं. मग १९ ऑगस्ट १८९६ रोजी ते फुटलं. एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात काम करणाऱ्या दोन सभासदांचं आपसात बिनसलं. त्यातल्या एकाने, तेओदोरो पातिन्योने, संघटनेची गोष्ट आपल्या बहिणीला सांगितली. ती एका अनाथाश्रमात राहायची. तिथून गोष्ट धर्मगुरू मारियानो हिल यांच्यापर्यंत गेली, छापखान्याची झडती झाली आणि पुरावे हाती लागले. लगेच मनिलामध्ये धरपकड सुरू झाली. शेकडो लोक तुरुंगात गेले.

बोनिफासिओ आणि त्यांचे साथीदार शहर सोडून उत्तरेकडच्या खेड्यांत निघाले. रोज जागा बदलत, माळरानं आणि झाडी तुडवत ते बालिंतावाक परिसरात आले. सोबतच्या लोकांची संख्या वाढत चालली होती. बहुतेकांच्या हातात बंदुका नव्हत्या, होते ते कोयते आणि भाले. पाठीमागे सरकारी शिपाई. पोटात अन्न नाही. अशा अवस्थेत ही माणसं सोराआजीच्या गावी पोचली.

उघडं दार

तिने दार उघडलं. इतकं साधं वाक्य आहे हे, पण त्यामागे काय होतं ते पाहा. सरकारने ज्यांना राजद्रोही ठरवलं त्यांना आसरा देणं म्हणजे स्वतःच राजद्रोही होणं. पकडलं गेलं तर वयाची सवलत मिळेल याची काहीच खात्री नव्हती. घर, शेत, दुकान, मुलंबाळं सगळंच पणाला लागणार होतं. ८४ वर्षांच्या बाईने दार लावून घेतलं असतं तरी कुणी तिला नावं ठेवली नसती.

तिने साठवणीतला भात काढला, आलेल्यांना जेवू घातलं. दमलेल्यांना झोपायला जागा दिली. आजारी आणि जखमी माणसांना घरात ठेवून घेतलं, त्यांच्या जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. त्या भागातल्या खेड्यांत पेरूच्या पाल्याचं उकळलेलं पाणी जखम धुवायला वापरायची जुनी रीत आहे, आजही ती चालू आहे. डॉक्टर नाही, औषधाचं दुकान नाही, अशा ठिकाणी जाणत्या बायकांचं हे ज्ञान हाच तिथला दवाखाना असायचा. कातिपुनानच्या गुप्त बैठकाही तिच्या घरी होत. निघणाऱ्या तरुणांना ती धीर द्यायची, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची.

दुकान असल्यामुळे तिच्या दारात माणसांची ये-जा नेहमीचीच होती. आलेला माणूस मीठ घ्यायला आलाय की निरोप द्यायला, हे बाहेरच्याला कसं कळणार?

या सगळ्या दिवसांत एक मोठी घटना घडली. २३ ऑगस्ट १८९६ रोजी पुगाद लाविन इथे, तिच्या मुलाच्या म्हणजे हुआन रामोसच्या अंगणात, कातिपुनानची मोठी सभा भरली. त्या वेळी हजर असलेले डॉ. पिओ वालेंझुएला यांनी आपल्या आठवणींत हजाराहून जास्त सभासद जमल्याचं लिहून ठेवलंय. लढा लगेच सुरू करायचा की थांबायचं यावर वाद झाला आणि शेवटी लढायचं ठरलं. मग जमलेल्यांनी आपापले सेदुला फाडून टाकले. सेदुला म्हणजे कर भरल्याचा दाखला. तो जवळ बाळगणं सक्तीचं होतं आणि तो स्पेनच्या गुलामीची खूण मानला जायचा. फिलिपिन्सच्या इतिहासात हा प्रसंग स्वातंत्र्ययुद्धाची पहिली आरोळी म्हणून ओळखला जातो. प्रसंगाची नेमकी जागा आणि तारीख यांवर तिथल्या इतिहासकारांत अजूनही वाद आहेत, पण सरकारी पातळीवर २३ ऑगस्ट आणि पुगाद लाविन हेच मानलं जातं.

कर गोळा करणाऱ्या काबेसाच्या घरातच पुढे कराचे दाखले फाटले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

अटक आणि मौन

आठवडाभरातच परिसरात चकमकी सुरू झाल्या. ३० ऑगस्टला सान हुआन देल मोंते इथे मोठी लढाई झाली आणि गव्हर्नर जनरल रामोन ब्लांको यांनी आठ प्रांतांत लष्करी कायदा लावला. आज फिलिपिन्सच्या झेंड्यावरच्या सूर्याला आठ किरणं दिसतात, ती याच आठ प्रांतांची आठवण आहेत.

त्याच्या एक दिवस आधी, २९ ऑगस्टला, मेलचोराला सिविल गार्ड या स्पॅनिश शिपायांनी पकडलं होतं. क्रांतिकारकांना मदत करणारी आजी कोण, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. तिला मनिलाच्या तुरुंगात नेण्यात आलं. तिथे चौकशी झाली. बोनिफासिओ कुठे गेले, कोण कोण आलं होतं, कुठे लपलेत, हेच शिपायांना हवं होतं.

तिने काहीही सांगितलं नाही.

कातिपुनानचं गुपित ज्या प्रकारे फुटलं ते वर सांगितलंच. धट्टेकट्टे, शपथ घेतलेले पुरुष, पण रागाच्या भरात तोंडातून शब्द गेला आणि शेकडो माणसं तुरुंगात गेली. इथे एक वाकलेली म्हातारी तुरुंगात उभी आहे आणि तिच्याजवळ नावं आहेत, वाटा आहेत, ठिकाणं आहेत. त्यातलं एक नाव तिच्या पोटच्या मुलाचं आहे. जखमा धुताना तिने जे केलं, तेच ती इथेही करत होती. त्या माणसांना जिवंत ठेवत होती. फरक इतकाच, की घरात तिने हातांनी सांभाळलं आणि तुरुंगात गप्प राहून सांभाळलं.

ग्वाममधली वर्षं

२ सप्टेंबर १८९६ रोजी गव्हर्नर जनरल ब्लांको यांनी तिला हद्दपार करण्याचा हुकूम काढला. ठिकाण होतं ग्वाम, मारियाना बेटांपैकी एक. भिंतीवरचा नकाशा काढा आणि मुलांना मनिलावरून पूर्वेकडे बोट सरकवायला सांगा. प्रशांत महासागरात साधारण अडीच हजार किलोमीटर गेल्यावर एक ठिपका सापडेल. तेच ग्वाम. ज्या बाईचं बहुतेक आयुष्य एका खेड्याच्या आसपास गेलं, तिला वयाच्या ८४व्या वर्षी जहाजात बसवून तिथे नेलं गेलं.

ग्वाममध्ये तिला आणि आणखी एका फिलिपिनो बाईला डॉन हुस्तो डुंगका नावाच्या गृहस्थांच्या घरी नजरकैदेत ठेवण्यात आलं. तुरुंगाच्या भिंती नव्हत्या, पण चारी बाजूंनी समुद्र होता.

ती तिथे असताना मायदेशात एकामागून एक घटना घडत गेल्या. ३० डिसेंबर १८९६ रोजी रिझाल यांना गोळ्या घालण्यात आल्या. १० मे १८९७ रोजी बोनिफासिओ मारले गेले, आणि तेही स्पॅनिश शिपायांकडून नाही. क्रांतिकारकांमध्येच फूट पडली होती आणि त्यांच्याच लोकांनी त्यांना मृत्युदंड दिला. तिच्या घरी आसरा घेतलेल्या त्या नेत्याचं वय मृत्यूच्या वेळी फक्त ३३ होतं.

१८९८ साली स्पेन आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटलं. ग्वाम इतकं एकाकी होतं की तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना युद्ध सुरू झाल्याचं माहीतच नव्हतं. जून महिन्यात अमेरिकेची चार्ल्स्टन ही युद्धनौका आली आणि तिने किल्ल्यावर तोफा डागल्या, तेव्हा तो त्यांना सलामीचा प्रकार वाटला! मग कळलं की शत्रू दारात आहे. बेट न लढताच अमेरिकेच्या ताब्यात गेलं. त्याच वर्षी १२ जूनला फिलिपिन्सने स्वातंत्र्याची घोषणा केली, पण डिसेंबरमध्ये पॅरिसच्या तहात स्पेनने हा अख्खा देश २ कोटी डॉलरला अमेरिकेच्या हवाली केला. फिलिपिनो लोक आता अमेरिकेविरुद्ध लढू लागले. १९०१ मध्ये अमेरिकेनेही आपल्या विरोधकांना ग्वामलाच पाठवलं. त्यात आपोलिनारिओ माबिनी होते, पायांनी अधू असलेले आणि क्रांतीचा मेंदू म्हणून ओळखले जाणारे विचारवंत. म्हणजे राज्यकर्ते बदलले, हद्दपारीचं बेट मात्र तेच राहिलं.

परत आली तेव्हा

१९०३ साली मेलचोरा मायदेशी परतली. आता ती ९१ वर्षांची होती. जाताना स्पेनचा झेंडा फडकत होता, येताना अमेरिकेचा. ज्या स्वातंत्र्यासाठी तिने घर उघडलं होतं, ते आलंच नव्हतं.

पालकहो, मुलांना गोष्ट सांगताना आपल्याला शेवट गोड करायची सवय असते. चांगलं काम केलं की लगेच फळ मिळतं असं आपण सांगून टाकतो. या गोष्टीत तसं सांगता येत नाही. फिलिपिन्स खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाला ४ जुलै १९४६ रोजी. सोराआजी तोवर नव्हती. परतल्यावर ती आणखी सोळा वर्षं जगली आणि १९१९ साली, १०७ वर्षांची होऊन, सातुर्निना या आपल्या मुलीच्या घरी तिने डोळे मिटले.

मग तिने केलं ते वाया गेलं का? तिच्या घरी जेवलेल्या, बरं होऊन उठलेल्या प्रत्येक माणसाला विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. सेवा करणाऱ्याला पुढच्या निकालाची वाट पाहता येत नाही. समोर जखम आहे, ती आत्ता धुवायची असते. परिचारिकेचं काम तेव्हाही असंच होतं आणि आजही असंच आहे. आणि आईचंही.

देशाने काय दिलं

तागालोग भाषेत आईला इना म्हणतात. मेलचोराला तिच्या देशाने इना ही पदवी एकदा नाही तर अनेकदा दिली. कातिपुनानची आई, बालिंतावाकची आई, क्रांतीची आई अशा नावांनी तिचा उल्लेख होतो. कुठल्याही लढाईत तिने हत्यार उचललं नव्हतं, हे लक्षात घ्या.

देश स्वतंत्र झाल्यावर १९५१ पासून चलनात आलेल्या नव्या मालिकेत १०० पेसोच्या नोटेवर तिचं चित्र छापलं गेलं. फिलिपिन्सच्या नोटेवर आलेली ती पहिली फिलिपिनो स्त्री. पुढे १९६७ पासून पाच सेंटिमोच्या नाण्यावर तिचा चेहरा आला आणि बरीच वर्षं राहिला. सुट्या पैशांचं सगळ्यात लहान नाण्यांपैकी एक, लहान मुलांच्या हातात रोज खेळणारं. दुकान चालवणाऱ्या आजीला हा मान शोभून दिसतो. केझोन सिटीमधल्या एका मोठ्या रस्त्याला आणि एका बारांगायला तिचं नाव आहे.

तिचे अवशेष मात्र बराच प्रवास करत राहिले. आधी मनिलाच्या उत्तर स्मशानभूमीत क्रांतिवीरांच्या स्मारकात, मग १९७० साली केझोन सिटीमधल्या एका स्मृतिउद्यानात. शेवटी २०१२ साली, तिच्या जन्माला २०० वर्षं झाली तेव्हा, ते बानलातला आणण्यात आले. तिथे आता तिचं राष्ट्रीय स्मारक आहे. जिथून तिला पकडून नेलं होतं त्याच परिसरात ती ११६ वर्षांनी कायमची परतली.

वर्गात सांगताना

शिक्षक मित्रांनो, ही गोष्ट साधारण पाचवीपासून पुढच्या मुलांना सांगता येईल. काही गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट म्हणजे वय. जन्मसाल १८१२ फळ्यावर लिहा आणि मुलांकडूनच हिशोब करून घ्या. अटक झाली तेव्हा किती, परत आली तेव्हा किती, वारली तेव्हा किती. उत्तरं येतील तशी मुलांचे चेहरे बघा. बहुतेक मुलांच्या घरी आजी-आजोबा असतात. ८४ वर्षांचं माणूस म्हणजे काय हे त्यांना पुस्तकाशिवाय कळतं.

दुसरी गोष्ट, कामांची यादी. हजार माणसं लढायला निघाली तर त्यांना काय काय लागेल, असं मुलांना विचारा. सुरुवातीला उत्तरं येतील तलवार, बंदूक, घोडा. हळूहळू कुणीतरी पाणी म्हणेल, कुणी भाकरी, कुणी पट्टी, कुणी झोपायला जागा. यादी पूर्ण झाली की विचारा, यातली किती कामं लढणाऱ्याने स्वतः केली असतील? उरलेली कुणी केली? त्या माणसांची नावं आपल्या पुस्तकात आहेत का?

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे, गप्प राहण्याची. चुगली न करणं आणि चुकीच्या गोष्टीवर पांघरूण घालणं यातला फरक मुलांशी नीट बोला. सोराआजी कुणाचा गुन्हा लपवत नव्हती, तिच्या भरवशावर आलेल्या माणसांचे जीव वाचवत होती. कुणी त्रास देत असेल तर ते घरी किंवा बाईंना सांगायलाच हवं, हेही याच तासाला स्पष्ट सांगा. नाहीतर मुलं भलताच अर्थ घेतील.

आणि शेवटी, मुलांना घरी एक काम द्या. घरात किंवा शेजारी जे कुणी आजारी माणसाची सेवा करतं, आई असेल, आत्या असेल, काका असतील, दवाखान्यातली सिस्टर असेल, त्यांच्याविषयी दहा ओळी लिहून आणायच्या. सकाळी किती वाजता उठतात, काय काय करतात, कंटाळा आला तर काय करतात, हे त्यांनाच विचारून लिहायचं. नुसतं त्या खूप प्रेमळ आहेत असं लिहिलेलं चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्या वह्या वाचायला बसाल, तेव्हा तुमच्याच गावातल्या किती सोरा तुम्हाला आजवर माहीत नव्हत्या ते कळेल.